ट्रक आपले नाहीत, धूळ आपल्यावर: कायद्याच्या मसुद्यावर गावानं भूमिका कशी घ्यावी

विदर्भातल्या वणी-घुग्घुस पट्ट्यात कोळशाच्या रस्त्याला लागून ज्यांचं वावर, म्हणजे शेत, आहे, त्यांना हे नव्यानं सांगायला नको. डिसेंबरात पऱ्हाटी फुटते. रस्त्याकडच्या पाच-सात तासांतला (ओळींतला) कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधावा लागतो, कारण तो काळवंडलेला असतो. पांढऱ्यात मिसळला तर साऱ्या गाडीचा भाव पडतो.

आमच्या गावानं या धुळीबद्दल कितीतरी वर्षं अर्ज केले. एका कार्यालयात सांगत, गाड्यांचा विषय आमच्याकडे नाही. दुसऱ्यात सांगत, रस्त्याचा विषय आमच्याकडे नाही. दोघंही कागदावर खरंच बोलत होते. चुकत आम्ही होतो. ज्या नियमानं गाडी चालते तो नियम बनत असताना आम्ही गप्प राहत होतो आणि बनून गेल्यावर तक्रार करत होतो. नियम बनण्याआधी सरकार त्याचा मसुदा छापतं, हरकती मागवतं, त्याला मुदत देतं. त्या मुदतीत गावानं लेखी भूमिका कशी घ्यायची, ते या लेखात क्रमानं मांडलं आहे.

ही रीत दुसरीकडे रुळलेली आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हवेसाठी प्रादेशिक मंडळं आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या नऊ काउंट्यांसाठीचं मंडळ १९५५ मध्ये झालं, लॉस एंजेलिसकडचं आजचं मंडळ १९७७ मध्ये. या मंडळांचा अधिकार मुख्यतः कारखाने, रिफायनऱ्या अशा एका जागी असलेल्या धुरावर चालतो. गाडीतून किती धूर निघावा हे राज्याची आणि देशाची यंत्रणा ठरवते. पण हवा तर गाड्यांनीही बिघडते. म्हणून विधिमंडळात वाहतुकीचं किंवा प्रदूषणाचं विधेयक आलं की मंडळाचे लोक ते वाचतात आणि आपली भूमिका ठरवतात: पाठिंबा, विरोध, किंवा अमुक दुरुस्ती केली तर पाठिंबा. ती लेखी कळवतात. आपल्या ग्रामपंचायतीची अवस्था नेमकी हीच आहे. ट्रकवर अधिकार नाही, खाणीवर नाही, राख टाकणाऱ्या वीज केंद्रावर नाही. अधिकार नसला तरी मत नोंदवता येतं, आणि ग्रामसभेचं मत एकट्याच्या अर्जापेक्षा वजनदार असतं.

आधी धुळीचा धनी शोधा

ही पायरी घाईत उरकू नका. चुकीच्या दारात टाकलेला कागद परत येतो आणि मुदत निघून जाते.

गाडीच्या नळीतला धूर हा केंद्राचा विषय. मोटार वाहन कायदा १९८८ आणि त्याखालचे केंद्रीय नियम यांत तो येतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा हे मानक लागू झालं ते याच वाटेनं. गाडीत किती माल भरायचा हेही याच कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. कलम १९४ नीट वाचा. दंड गाडी चालवणाऱ्याला आहे, तसाच चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आहे. या शब्दांचा उपयोग पुढे सांगतो.

कोणत्या रस्त्यानं कोणती गाडी जावी, कोणत्या रस्त्यावर बंदी असावी, हे कलम ११५ खाली राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी ठरवू शकतो. शाळेच्या वेळेत गावातून हायवा (मोठा टिप्पर) जाऊ नये असं वाटत असेल तर मागणी या कलमाखाली करायची. दिल्लीला लिहून उपयोग नाही.

कारखाना, कोल वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना), वीज केंद्र यांना हवा कायदा १९८१ च्या कलम २१ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. मंडळाची प्रादेशिक कार्यालयं विदर्भात नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत. आपला तालुका कोणत्या कार्यालयात मोडतो ते फोन करून विचारून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

त्याच कायद्याचं कलम २० फारसं कोणी वाचत नाही. राज्य सरकारनं प्रदूषण मंडळाचा सल्ला घेऊन, गाड्यांच्या धुराचं मानक पाळलं जावं यासाठी वाहन नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला सूचना द्याव्यात, असं ते सांगतं. आणि कलम १७ मध्ये हवेच्या प्रदूषणाबाबत राज्य सरकारला सल्ला देणं हे मंडळाचं कामच म्हणून लिहिलं आहे. म्हणून 'गाड्यांचा विषय आमच्याकडे नाही' असं उत्तर मंडळाकडून आलं तर ही दोन कलमं पुढच्या पत्रात लिहा. अगदी नम्रपणे लिहा, पण लिहाच.

खाणीचं पर्यावरण मंजुरीपत्र वेगळं असतं आणि त्यात धुळीच्या अटी असतात. रस्त्याची डांबर-गिट्टी ज्याच्या ताब्यात रस्ता आहे त्याची, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची. आणि गावाच्या उकिरड्यावर पेटणारा कचरा, धुऱ्यावर जाळलेल्या पऱ्हाट्या, हा धूर आपला. तो आपल्या ठरावात प्रामाणिकपणे लिहिला नाही तर समोरचा अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो.

मसुदा कधी निघतो, कळणार कसं

पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या मसुद्यावर हरकतीसाठी राजपत्रात छापल्यापासून ६० दिवस मिळतात. मोटार वाहन नियमांच्या मसुद्यावर बहुतेकदा ३० दिवस. हे दिवस प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजायचे असतात, आपल्याला कळल्यापासून नाही. आमच्या गावानं पहिली हरकत पाठवली ती मुदत संपल्यावर नवव्या दिवशी. दोनशेवर सह्या होत्या. उपयोग झाला नाही.

म्हणून गावात एक माणूस नेमा. कॉलेजात जाणारी मुलगी असो की निवृत्त मास्तर, त्यानं दर सोमवारी मोबाइलवर केंद्राचं ई-गॅझेट, पर्यावरण मंत्रालय, रस्ते वाहतूक मंत्रालय आणि आपलं प्रदूषण मंडळ, एवढी चार ठिकाणं बघायची. अर्ध्या तासाचं काम आहे. मासिक सभेत त्याच्या नावाची नोंद करा, म्हणजे ते काम कोणाचं तरी राहतं.

मसुदा मराठीत नसतो ही मोठी अडचण आहे. ती आपलीच नाही. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या (प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी त्याचे परिणाम तपासण्याच्या) नियमांची मोठी सुधारणा २०२० मध्ये मसुद्याच्या रूपात आली, तेव्हा कोरोनाची टाळेबंदी होती आणि मसुदा हिंदी-इंग्रजीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जून २०२० ला मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं. आपण मात्र मराठीतच लिहू शकतो. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. दिल्लीला पाठवताना मराठी मूळ प्रत आणि सोबत हिंदी भाषांतर जोडा. मूळ प्रतीवरच सह्या घ्या.

मसुदा वाचायचा कसा

चाळीस पानं वाचायची गरज नसते. चार गोष्टी शोधा: व्याख्या, 'परंतु' नं सुरू होणारी वाक्यं, अंमल कधीपासून, आणि अंमल कोण करणार. नियमाचा जीव 'परंतु' मध्ये असतो.

एक खरं उदाहरण घेऊ. २१ मे २०२० ला केंद्रानं वीज केंद्रांच्या कोळशाबद्दलचे नियम बदलले. दूरच्या वीज केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरता येत नव्हता, ती अट गेली. त्याच अधिसूचनेत वाहतुकीचंही आलं: कोळसा झाकलेल्या रेल्वे वाघिणीतून किंवा झाकलेल्या कन्व्हेयरनं न्यावा, आणि ती सोय होईपर्यंत ताडपत्रीनं किंवा अन्य साधनानं झाकलेल्या ट्रकमधून न्यावा.

हे वाचून गावकऱ्याला काय दिसतं? 'ती सोय होईपर्यंत' म्हणजे कधीपर्यंत, हे लिहिलेलं नाही. 'अन्य साधन' म्हणजे काय, हेही नाही. ताडपत्री म्हटली आहे, पण ती फाटकी चालेल का, मागून उघडी चालेल का? रस्त्यावर उभं राहून रोज जे दिसतं ते दिल्लीत मसुदा लिहिणाऱ्याला दिसत नाही. गावाच्या हरकतीची खरी किंमत इथं आहे. 'प्रदूषण थांबवा' हे वाक्य कोणीही लिहितो. 'या खंडातल्या या शब्दांऐवजी हे शब्द घाला, कारण आमच्या रस्त्यावर असं होतं' हे फक्त आपण लिहू शकतो.

पुरावा: आठ दिवसांचं काम

रस्त्याच्या कडेला सावलीत दोन पोरं बसवा. सकाळी ६ ते रात्री १०, पाळीपाळीनं. वहीत तीन रकाने: वेळ, भरलेली की रिकामी, ताडपत्री होती का. आठ दिवस मोजा, त्यात एक रविवार आणि एक बाजाराचा दिवस यावा. गाड्यांचे क्रमांक फोटोत येऊ द्या, पण चालकाचा चेहरा नको.

रस्त्यालगतच्या आणि आतल्या वावरातला कापूस वेगवेगळ्या पारदर्शक पिशवीत भरा, पिशवीवर गट क्रमांक आणि तारीख लिहा. व्यापाऱ्यानं दोन्हींचा वेगळा भाव लावला असेल तर त्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) जोडा. याहून बोलका पुरावा मी पाहिलेला नाही.

हवेचं मोजमाप गावात होत नाही, हीच एक मागणी करण्याजोगी गोष्ट आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला, त्यात विदर्भातली नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर ही शहरं आहेत. खाणीकाठचं खेडं त्या यादीत नाही. चंद्रपूरचा औद्योगिक पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुणांसह देशात चौथा होता, आणि त्या पट्ट्याला कोळसा पुरवणाऱ्या रस्त्यांवरची गावं मोजणीबाहेर राहिली. जवळच्या केंद्राचे आकडे 'समीर' ॲपवर मिळतात. तुलनेसाठी लक्षात ठेवा: २४ तासांची सरासरी पीएम १० (हवेतले बारीक कण) साठी १०० आणि पीएम २.५ (त्याहून बारीक कण) साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, ही २००९ पासूनची मर्यादा आहे. शहरातला आकडा आपल्या गावाचा म्हणून लिहू नका. 'जवळच्या केंद्रावर इतका होता, आमच्या गावात केंद्र नाही, ते द्यावं' एवढंच लिहा.

आजाराबद्दलही हेच. 'गावात सगळ्यांना दमा आहे' असं लिहिलं की एका प्रश्नात सगळा कागद हलका होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून श्वसनाच्या तक्रारींची महिनावार संख्या माहिती अधिकारात मागा, नावं न मागता.

ग्रामसभा, आणि तिथलं भांडण

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती संख्या. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टची वाट पाहत बसलात तर ३० दिवसांची मुदत हातची जाते. सरपंचांना विशेष ग्रामसभा बोलावता येते. नोटीस लिहिताना विषयपत्रिकेवर मसुद्याचं नाव आणि राजपत्राची तारीख घ्या. 'आयत्या वेळचे विषय' यात हा विषय ढकलू नका, पुढे कोणी ठरावच खोडून काढतो. आधी महिला सभा घ्या. अंगणात वाळत घातलेल्या वड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर काय बसतं ते बायकाच सांगतात, आणि पुरुषांच्या सभेत ते येत नाही.

आता अवघड भाग. आमच्या सभेत एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी टिप्पर चालवतो. तुमचा ठराव झाला तं माह्या घरची चूल कोण पेटवन?" सभा थंड झाली. मागून कोणी ओरडलं, "याच्याच गाडीनं माह्यी पऱ्हाटी काळी केली जी!" दोघंही खरं बोलत होते.

खाणीकाठच्या गावात हे होणारच. कोणाचे दोन हायवा भाड्यानं लागलेले, कोणाची रस्त्यावर चहाची टपरी, कोणाचा मुलगा वजनकाट्यावर कामाला. 'ट्रक बंद करा' असा ठराव या गावात मंजूर होत नाही, आणि झाला तरी घराघरांत फूट पाडतो. त्या पोराला आम्ही खाली बसवलं नाही, बोलू दिलं. तो म्हणाला की फेऱ्यांवर पैसे मिळतात, म्हणून गाडी पळवावी लागते. माल किती भरायचा हे तो ठरवत नाही, दंड मात्र त्याच्या हातात येतो. तिथंच ठरावाला वळण मिळालं. कलम १९४ मधले 'चालवायला लावणारा' हे शब्द आम्ही वाचून दाखवले. जादा मालाची आणि उघड्या गाडीची जबाबदारी माल भरून देणाऱ्यावर टाकावी, ही मागणी त्या पोरानंच सुचवली आणि ठरावाचा सूचक म्हणून सहीही केली.

म्हणून भूमिका तीनपैकी एक घ्या आणि पहिल्याच ओळीत लिहा: पाठिंबा, दुरुस्तीसह पाठिंबा, किंवा विरोध. माझा कल दुसऱ्याकडे असतो. नुसता पाठिंबा कोणी वाचत नाही. नुसत्या विरोधाला 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येतं. दुरुस्ती सुचवली की वाचणाऱ्याला ती मान्य की अमान्य, याचा विचार करावाच लागतो. मसुदा मुळातच घातक असेल, मंजुरीची किंवा सुनावणीची अटच काढून टाकत असेल, तर मात्र सरळ विरोध लिहा.

ठरावाचा नमुना असा:

'मौजा अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक येथील दिनांक अमुक रोजीची ग्रामसभा, अमुक मंत्रालयाने दिनांक अमुकच्या राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या अमुक मसुद्याला दुरुस्तीसह पाठिंबा देत आहे. दुरुस्ती एक: खंड अमुक मधील "ताडपत्रीने किंवा अन्य साधनाने झाकलेला ट्रक" याऐवजी "चारही बाजूंनी बांधलेल्या अखंड ताडपत्रीने किंवा यांत्रिक झाकणाने पूर्ण झाकलेला ट्रक" असे शब्द घालावेत. कारण: दिनांक अमुक ते अमुक या आठ दिवसांत गावातून गेलेल्या अमुक भरलेल्या गाड्यांपैकी अमुक गाड्यांची ताडपत्री फाटलेली किंवा मागून उघडी होती, नोंदवहीची प्रत सोबत. दुरुस्ती दोन: उघडी गाडी काट्यावरून बाहेर सोडणाऱ्यास जबाबदार धरावे. दुरुस्ती तीन: रस्त्याने वाहतुकीची सवलत किती वर्षे राहील ती तारीख लिहावी. ग्रामपंचायत स्वतः उकिरड्यावर कचरा जाळणे बंद करण्याचा निर्णय याच सभेत घेत आहे.'

खाली सूचक, अनुमोदक, हजर संख्या, सर्वानुमते की बहुमताने. तीनपेक्षा जास्त दुरुस्त्या नकोत. इतिवृत्ताची प्रमाणित प्रत ग्रामसेवकाकडून, म्हणजे आताच्या पदनामानं ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, त्याच आठवड्यात घ्या.

पाठवणं

मसुद्याच्या शेवटी टपालाचा आणि ईमेलचा पत्ता असतो, दोन्हीकडे पाठवा. स्पीड पोस्टची पावती आणि ईमेलचा छापील उतारा जावक नोंदवहीत चिकटवा. प्रती प्रदूषण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, जिल्हाधिकारी, आमदार आणि खासदार यांना. मुदतीच्या दहा दिवस आधी पाठवा.

राज्याचा विषय असेल तर नागपूरचं हिवाळी अधिवेशन ही विदर्भाच्या गावाला जवळची संधी आहे. आमदारांना तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडायची असते, तिला आधी वेळ लागतो. डिसेंबरात विधानभवनासमोर जाऊन निवेदन देण्यापेक्षा ऑक्टोबरातच त्यांच्या घरी ठराव, कापसाच्या दोन पिशव्या आणि एका पानात लिहिलेला प्रश्न घेऊन जा. प्रश्न तुम्हीच लिहून द्या: अमुक रस्त्यावर कलम ११५ खाली निर्बंध घालण्याचा प्रस्ताव आहे काय, असल्यास कधी, नसल्यास कारण काय.

जनसुनावणी हा वेगळा मार्ग

नवी खाण किंवा खाणीचा विस्तार आला की मसुदा नसतो, जनसुनावणी असते. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवसांची नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी, आणि पूर्ण चित्रीकरण. हजेरीची किमान संख्या लागत नाही, म्हणजे आपण गेलो नाही तरी सुनावणी झाली असं धरलं जातं. तिथं भाषण करू नका. माल कोणत्या रस्त्यानं, दिवसाला किती गाड्यांनी जाणार, हे अहवालात कोणत्या पानावर आहे ते विचारा. आपलं म्हणणं लेखी द्या, पोच घ्या, आणि इतिवृत्त वाचून दाखवतात तेव्हा आपला मुद्दा त्यात आला का ते उभं राहून ऐका. आला नसेल तर तिथल्या तिथं सांगा.

नंतरची वही

अंतिम अधिसूचना यायला महिने लागतात, कधी वर्षं. आली की आपला ठराव शेजारी ठेवून खंडाखंडानं जुळवा. वहीत तीन रकाने करा: आपण काय मागितलं, काय छापून आलं, काय राहिलं. राहिलेल्यावर माहिती अधिकारात विचारा की आमच्या अमुक तारखेच्या हरकतीवर काय विचार झाला, टिपणीची प्रत द्यावी. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराला ३० दिवस. सोबत जवळच्या खाणीचे सहामाही अनुपालन अहवालही, म्हणजे मंजुरीच्या अटी कशा पाळल्या याचे अहवाल, मागा. ते दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात आणि सार्वजनिक कागद आहेत. धूळ दाबायला पाणी किती मारलं, झाडं किती लावली, हे त्यात लिहिलेलं असतं. तो अहवाल घेऊन रस्त्यावर जा आणि पाण्याचा टँकर खरंच कोणत्या वेळी येतो ते त्याच वहीत टिपा. पुढचा मसुदा निघेल तेव्हा पुरावा गोळा करायला आठ दिवस लागणार नाहीत.